डावं चाक, उजवं चाक

धोंडूचा ट्रक तिसऱ्यांदा गॅरेजच्या फाटकातून आत आला तेव्हा जयवंत उठला नाही. लाकडी खोक्यावर बसून तो चहा पीत होता, तो तसाच पीत राहिला. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला बसल्या जागेवरून उठायला काहीतरी कारण लागतं, आणि या ट्रककडे धावत जाण्याचं एकही कारण त्याच्यापाशी उरलं नव्हतं. पहिल्या वेळी तो धावला होता. दुसऱ्या वेळी चालत गेला होता. आता ट्रकनंच काय ते त्याच्यापर्यंत यावं, असा त्याचा चेहरा होता.

घाटकोपरला आग्रा रोडच्या कडेला हे गॅरेज. रस्त्याचं नाव बदलून बरीच वर्षं झाली होती, पण ट्रकवाल्यांच्या तोंडी अजून आग्रा रोडच. इथे जयवंत चोवीस वर्षं फक्त ब्रेकचं काम करत आला होता. बाकीचे मिस्त्री इंजिन खोलत, गिअरबॉक्स उतरवत, दिवसभर एकमेकांच्या अंगावर ओरडत. जयवंत कोपऱ्यातल्या त्याच्या बाकड्यापाशी मान खाली घालून ब्रेकचं अस्तर, म्हणजे लायनर, घासत बसायचा. ठाण्यापासून कुर्ल्यापर्यंतचे ड्रायव्हर त्याच्याबद्दल एवढंच म्हणत, की जयवंतच्या हाताखालून गेलेली गाडी सरळ थांबते. साध्या माणसाच्या नावावर आयुष्यभरात असं एखादंच वाक्य जमा होतं. जयवंतचं ते होतं, आणि गेल्या तीन महिन्यांत धोंडूच्या ट्रकनं त्याची पार वाट लावली होती.

धोंडू खाली उतरला. हा कुडाळकडचा, जयवंतच्याच तालुक्यातला. गिरणीत होता, संप लांबला, लांबतच गेला, तेव्हा त्यानं गिरणीचा नाद सोडला आणि सोळा वर्षं वापरलेला हा ट्रक घेऊन मुलुंडहून अंधेरीच्या छापखान्यांना कागदाची रिळं पोचवायला लागला. एरवी तो उतरायचा तो शिवी हासडतच. आज त्यानं नुसतंच दार लावून घेतलं. ट्रकच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यावर काहीतरी पिवळं वाळून चिकटलं होतं, त्याकडे पाठ करून तो उभा राहिला.

"पोलिसांनी काल सोडली गाडी," तो म्हणाला. "आठ दिवस चौकीसमोर उभी होती."

"ऐकलं मी," जयवंत म्हणाला.

सगळ्या गॅरेजनं ऐकलं होतं. विक्रोळीला सिग्नलपाशी धोंडूनं ब्रेक मारला, ट्रक डावीकडे गेला, आणि डावीकडून खंडू चालला होता. सायकलला मागे अंड्यांचे ट्रे बांधून कांजूर ते घाटकोपर फिरणारा हा खंडू. अंडी सगळी रस्त्यावर आणि खंडू गटाराच्या काठाला, उजवा पाय गुडघ्याखाली मोडलेला. जयवंत त्याला बघायला म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात गेला होता. चार मोसंबी घेऊन वॉर्डाच्या दारापर्यंत पोचला, आत पाय टांगून ठेवलेला माणूस पाहिला, त्याच्या उशाशी बसलेली बायको पाहिली, आणि मोसंबी तशीच घेऊन घरी परतला. आत जाऊन ओळख काय सांगायची? ज्या ट्रकनं तुला उडवलं त्याचे ब्रेक मी केले होते, असं?

"गाडी आसा की दारुडो, माका समजना नाय," धोंडू म्हणाला. "आधी डावीकडे ओढायची. तू दुरुस्त केलीस, तर उजवीकडे. ते दुरुस्त केलंस, तर परत डावीकडे. जयवंता, खरं सांग. तुला जमत नसेल तर तसं बोल. मी दुसरीकडे नेतो, पण बोल."

जयवंतनं कप खाली ठेवला आणि उठला.

धोंडूची तक्रार तशी साधीच होती. जुन्या गाड्या ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढतातच. पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक सारखे लागले तर गाडी सरळ थांबते. एका बाजूचा कमी लागला तर गाडी दुसऱ्या बाजूला जाते, म्हणजे ज्या बाजूचा ब्रेक नीट काम करतो त्या बाजूला. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं. गाडी डावीकडे ओढते म्हटलं की तो डाव्या चाकाला शिव्या घालतो, आणि दुखणं असतं उजव्या चाकात. गॅरेजात नवा माणूस आला की जयवंत त्याला पहिल्या दिवशी हेच सांगायचा: जे चाक ओढतंय ते बिचारं काम करतंय, जे ढिम्म आहे त्याला उघड.

तसंच त्यानं उघडलं होतं. गणपतीच्या दिवसांत ट्रक डावीकडे ओढत भांडुपला फुटपाथवर चढला, तेव्हा त्यानं उजवं चाक खोललं. आतल्या सिलिंडरचं रबर गेलेलं, ब्रेकचं तेल गळून लायनर भिजलेलं. सरळ सरळ केस. रबर बदललं, लायनर बदललं, दोन्ही चाकं जुळवून दिली, आग्रा रोडवर पळवून पाहिली. ट्रक काडीसारखा सरळ थांबला. मग दसऱ्यानंतर तो उजवीकडे ओढायला लागला. जयवंतनं डावं चाक खोललं तर त्यातलंही लायनर ओलं. म्हटलं, एक रबर गेलं तसं दुसरंही गेलं असेल, जुनी गाडी. तेही बदललं, हबमधलं ग्रीस अडवणारं सीलही बदललं. आणि आता हे.

मालक श्यामसुंदर केबिनमधून बाहेर आला. बापाच्या मागे गॅरेज चालवणारा चाळिशीचा माणूस, स्वभावानं वाईट नव्हता, पण वाईट बोलायची वेळ आली की आधी चष्मा पुसायचा. आता तो चष्मा पुसत होता.

"काका, राग मानू नका," तो म्हणाला. "पण हा माणूस मेला असता तर? लोक गॅरेजचं नाव घेतात, मिस्त्रीचं नाही. ही शेवटची वेळ. परत ओढला तर ब्रेकचं काम नंदू बघेल. तुम्ही ग्रीसिंग बघा. पगार तोच राहील."

पगार तोच राहील हे त्यानं भल्या मनानं म्हटलं होतं, आणि तेच जास्त लागलं. ग्रीसिंग म्हणजे खड्ड्यात उतरून गाड्यांच्या पोटाखाली ग्रीस भरणं. कुणीही करतं ते. आज कामाला लागलेला माणूसही करतो.

नंदू शेजारीच उभा होता. हुशार माणूस, तिशीतला, हात चांगला. त्यानं जमिनीकडे बघत म्हटलं, "काका, सील उलटं बसलं असेल. होतं कधी कधी. नजर..." पुढचं त्यानं गिळलं.

नजर. जयवंत घरी जाऊन रात्री बल्बखाली सुईत दोरा ओवून बघायचा. तिसऱ्या झटक्याला जायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

बुधवारी त्यानं ट्रक घेतला आणि चाकांना हातच लावला नाही. आधी बाकीचं सगळं. टायरांतली हवा मोजली, दोन्हीकडे सारखी. स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट हातोडीनं वाजवून पाहिले. पाटा सरकला की ॲक्सल तिरकं होतं आणि काही केलेलं नसताना ब्रेक शिव्या खातो. सगळे घट्ट. चाक जॅकवर उचलून पहारीनं हलवलं. या वयाच्या गाडीला असावा तेवढाच खेळ. ब्रेकचे रबरी पाइप बाहेरून ठणठणीत दिसतात आणि आतून फुगून बसतात, म्हणून ते सोडवून एकेक फुंकून पाहिले. फुंकताना धाप लागली. दोन्ही मोकळे. दिवस गेला, कंबरेचा काटा ढिला झाला, आणि हाती काही लागलं नाही. ज्या दिवशी दोष सापडतो त्या दिवशी माणूस दमत नाही. न सापडणारा दोष मात्र जीव काढतो.

गुरुवारी ट्रक मागच्या गल्लीत नेऊन रिकामा पळवला आणि ब्रेक मारला. डावीकडे. परत मारला. डावीकडे. म्हणजे दुखणं उजव्या चाकात.

शुक्रवारी सकाळी त्यानं उजवं चाक उतरवलं, ड्रम ओढून काढला, आणि बराच वेळ नुसताच बघत राहिला. लायनर परत ओलं होतं. चकचकीत, काळपट, भिजलेलं. तीन महिन्यांपूर्वी स्वतःच्या हातांनी बसवलेलं लायनर.

नंदू मागून वाकून म्हणाला, "बघा, सील."

"बघ तूच," जयवंत म्हणाला.

नंदूनं सीलभोवती बोट फिरवलं. बोट कोरडं. त्यानं सिलिंडरचं रबर उचलून आत बोट घातलं. तेही कोरडं. मग त्यानं जयवंतकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर कीव नव्हती.

"काका, मग तेल आलं कुठून?"

प्रश्न बरोबर होता. ब्रेकच्या ड्रममध्ये तेल शिरायला दोनच वाटा. सिलिंडर गळला तर ब्रेकचं तेल, सील गेलं तर हबमधलं ग्रीस. दोन्ही वाटा कोरड्या आणि मधलं लायनर ओलं. चोवीस वर्षांत असलं काही त्यानं पाहिलं नव्हतं. नंदूला दुसऱ्या गाडीवरून हाक आली, तो गेला. जयवंत ड्रम मांडीवर घेऊन खोक्यावर बसला.

त्यानं लायनरवरून बोट ओढलं आणि अंगठ्यावर चोळलं. ब्रेकचं तेल कातडीला कोरडं करतं, हे करत नव्हतं. ग्रीस चिकट असतं, हे पातळ होतं. बोट नाकाशी नेलं. जळक्या लायनरच्या वासाखाली दुसरा एक वास होता, फार ओळखीचा, आणि गॅरेजात कधीच न येणारा. त्यानं डोळे मिटून परत हुंगलं. तिळाचं तेल.

मग त्यानं ड्रम उजेडाकडे धरला. आतल्या काळ्या भुकटीत एक खडा होता. खडा म्हणून तो फेकणारच होता, पण तो फार हलका वाटला. नखानं दाबला तर फुटला, आणि आतून पांढरा निघाला.

उडीद.

ब्रेकच्या ड्रममध्ये उडीद! त्याला हसूच आलं, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा आलं. तिळाचं तेल आणि काळे उडीद. शनिवारी सकाळी कुठल्याही मारुतीच्या देवळाबाहेर उभं राहिलं तर दर दुसऱ्या माणसाच्या हातात हेच असतं. कुणीतरी चाकाला तेल वाहत होतं.

हसू फार टिकलं नाही. तेल वाहिलं म्हणून आत जात नाही. चाकाच्या तोंडावर लोखंडी ड्रम असतो. पण त्या ड्रमला बोटभर रुंदीची एक खिडकी असते, आत पट्टी घालून लायनर आणि ड्रममधली फट मोजायला. त्या खिडकीला रबरी बूच असतं. जयवंतनं ड्रम फिरवला. बूच नव्हतं. डाव्या चाकापाशी जाऊन बसकण मारून पाहिलं. तिथेही नव्हतं.

असणार कुठून? बुचं त्यानंच काढली होती, गणपतीत, चाकं जुळवताना. ती काढायला नखं तुटतात, बसवायला अंगठे दुखतात, आणि परत माप घ्यायचं तर परत काढा. आग्रा रोडवरचा कुठलाच ब्रेकवाला ती परत बसवत नाही. जयवंतनंच कितीतरी जणांना सांगितलं होतं, फेक रे ते, धुळीशिवाय काय जाणार आहे आत. चोवीस वर्षं धुळीशिवाय काही गेलंही नव्हतं.

म्हणजे दोष नजरेत नव्हता, हातात नव्हता. लायनर नीट बसलं होतं, सील सुलटं होतं. केबिनमध्ये जाऊन श्यामसुंदरच्या टेबलावर तो फुटका उडीद ठेवला असता तर बाकडं राहिलं असतं, आणि सगळं गॅरेज आठवडाभर पोट धरून हसलं असतं. जयवंत दोनदा उठला आणि दोनदा खाली बसला. आधी खात्री करू, असं त्यानं स्वतःला सांगितलं. उडीद त्यानं कागदात बांधून खिशात ठेवला. लायनर बदललं, दोन्ही चाकं धुऊन पुसून जुळवली. बुचं गॅरेजभर शोधली, एकही मिळालं नाही. चिंधी कोंबावी तर ती तापून पेटते. संध्याकाळी धोंडू आला तेव्हा ट्रक सरळ थांबत होता.

"काय होतं?" धोंडूनं विचारलं.

"सांगतो. गाडी थेट घरी ने, कुठे फिरवू नकोस. सकाळी मी येतो तुझ्याकडे."

उद्या शनिवार होता.

सकाळी साडेसहाला जयवंत कांजूरला बसमधून उतरला. धोंडूची चाळ टेकाडावर होती; ट्रक खाली, कारखान्याच्या भिंतीला लागून उभा राहायचा. जयवंत भिंतीच्या टोकाला वळला तेव्हा शेवंती आधीच तिथे आली होती. धोंडूची बायको. नुकतीच न्हालेली, ओले केस पाठीवर, एका हातात पितळेची वाटी, दुसऱ्या हातात रुईची पानं. ती डाव्या चाकापुढे उकिडवी बसली होती. चाकाच्या मधोमध तिनं कुंकू लावलं होतं, आणि आता ती वाटी उचलत होती.

"वहिनी, थांबा."

तिनं वर पाहिलं. "अगो बाई, भावोजी! एवढ्या सकाळी? गाडी परत बिघडली काय?"

"नाही, गाडी ठीक आहे. हे तेल..."

"शनिवार ना आज. अर्धं मारुतीला वाहून आले, अर्धं ह्याला." तिनं चाकाकडे हनुवटी केली. मग आवाज खाली आणला. "ह्यांना बोलू नका हां. हे उठायच्या आत मी उरकते. ह्यांना असलं काही चालत नाही."

"कधीपासून करताय?"

"गणपतीपासून. गाडी फुटपाथवर चढली ना, तेव्हापासून एक शनिवार चुकवला नाय. आमच्या माहेरी आजा बैलगाडीच्या चाकाला तेल घालायचा. चाक कुरकुरायला लागलं की त्याला तेल द्यायचं, मग ते शांत होतं. म्हटलं, हेही चाकच."

जयवंतला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता, पण चोवीस वर्षांची सवय जात नाही. "कुठल्या चाकाला घालता?"

"ज्या बाजूला ओढतं त्याला," ती म्हणाली. हे काय विचारणं झालं, असा तिचा सूर होता. "हे घरी येऊन सांगतात ना. आधी डावं ओढत होतं, तर डाव्याला घातलं. ते शांत झालं, तर उजवं पेटलं. मग उजव्याला. ते शांत झालं आणि परत हे. गुण येतो, भावोजी. येत नाय असं नाय. एकाला शांत करते तोवर दुसरं उठतं."

तीन महिने जो गुंता जयवंतला सुटत नव्हता तो तिनं चार वाक्यांत सोडवून त्याच्या हातात दिला. निकामी होत होतं ते चाक ज्याला देवाचं तेल मिळालं ते; आणि ओढत होतं ते, जे उपाशी होतं ते. खिडकी वर असली की तेल आत, खाली असली की रस्त्यावर. म्हणून कधी पंधरा दिवस ठीक, कधी आठ. सगळं जुळलं. आणि जुळल्याचा जो आनंद मिस्त्रीला होतो, तो त्याला झाला नाही. समोर ही बाई बसली होती, ओल्या केसांची, थंडीत कुडकुडत, आणि नवऱ्याचा ट्रक सुखरूप परत यावा म्हणून तेलाची वाटी दोन्ही हातांनी धरून होती.

"वहिनी, चाकाला नका घालू," तो म्हणाला. "तेलानं टायरचं रबर खराब होतं. बंपरला घाला. देवाला काय, पोचतं ते."

शेवंतीनं त्याच्याकडे पाहिलं. संपाच्या दिवसांत तिनं घरोघर पापड लाटून घर चालवलं होतं. तिला कोण काय लपवतंय ते कळायचं.

"हे सांगायला एवढ्या सकाळी आलात? रबराचं?"

तिची नजर चाकाकडे गेली. कुंकवाच्या बोटभर खाली ड्रमची ती खिडकी होती, आणि तिच्या कडेला तेलाचा जुना, धूळ बसलेला ओघळ.

"हे भोक कसलं?"

"माप घ्यायचं."

"आत काय आसा?"

खोटं बोलायला जयवंतला अर्धा क्षण मिळाला होता. तो गेला.

"ब्रेक," तो म्हणाला.

वाटी तिनं हळूच जमिनीवर ठेवली, सांडू नये म्हणून. टेकाडावरून कुणाच्या तरी रेडिओवरच्या बातम्या ऐकू येत होत्या. मग तिनं विचारलं, आणि एवढ्या हळू विचारलं, की जयवंतला वाकावं लागलं.

"तो अंडीवाला... तो माझ्यामुळे पडला?"

खिशात कागदाची पुडी होती. ती काढायचीही गरज नव्हती. नुसतं हो म्हटलं असतं, किंवा नुसतं गप्प राहिलं असतं, तरी त्याचा तीन महिन्यांचा काच उतरला असता. आणि तो काच काही लहान नव्हता. रात्री दोरे ओवत बसणं, वॉर्डाच्या दारातून मागे फिरणं, नंदूच्या डोळ्यांतली ती कीव. पण तो काच पेलायची त्याला आता सवय झाली होती. हिला तो आज पहिल्यांदा मिळाला असता, आणि जन्मभर मिळाला असता. रोज संध्याकाळी ट्रकची वाट बघत बसणाऱ्या बाईच्या पदरात हे घालायचं?

"नाही," तो म्हणाला. "माझ्यामुळे पडला. त्या भोकाला बूच असतं. मी काढलं आणि फेकून दिलं. ते असतं तर तुम्ही डबाभर तेल ओतलं असतं तरी थेंब आत गेला नसता."

"शपथ?"

"शपथ. बूच माझं काम होतं."

यातलं अक्षरही खोटं नव्हतं. अर्धा दोष त्याचाच होता. उरलेला अर्धा त्यानं तिथेच, भिंतीपाशी उभ्या उभ्या, आपला करून टाकला.

शेवंतीचा विश्वास बसला की नाही, कळलं नाही. तिनं पदरानं चाकावरचं कुंकू पुसलं, मग तो ओघळ पुसला, परत परत पुसला, पदर काळा होईपर्यंत. "ह्यांना सांगणार?" तिनं खाली बघूनच विचारलं.

"बुचाचं सांगणार."

वाटी उचलून ती टेकाड चढून गेली. जयवंत दुकानं उघडेपर्यंत थांबला, दोन बुचं विकत आणली, आणि रस्त्यात बसून दोन्ही चाकांना अंगठ्यानं दाबून बसवली. अंगठे दुखलेच.

सोमवारी त्यानं केबिनमध्ये जाऊन श्यामसुंदरला सांगितलं. खिडकीला बूच लावायचं राहिलं, आत घाण गेली, लायनर भिजलं. दोन्ही वेळा. कसली घाण, हे श्यामसुंदरनं विचारलं नाही. त्यानं चष्मा पुसला. नंदू मात्र दारातच उभा होता. सील आणि सिलिंडर त्यानं स्वतः बोट घालून पाहिले होते. बाहेर आल्यावर तो हळूच म्हणाला, "काका, घाणीनं एवढं ओलं होत नाही. काहीतरी वेगळं आहे." जयवंत म्हणाला, "आजपासून ते बाकडं तुझं. बुचं तेवढी लावत जा." आणि हातातली माप घ्यायची पट्टी त्याला देऊन टाकली.

धोंडू दुपारी आला. श्यामसुंदरनं त्याला सांगितलं असावं, कारण तो थेट ग्रीसिंगच्या खड्ड्यापाशी येऊन उभा राहिला. जयवंत खाली होता. वरून धोंडूची फक्त पावलं आणि लेंग्याच्या कडा दिसत होत्या.

"बूच?" धोंडू म्हणाला. "एका बुचासाठी? मी रात्र रात्र झोपलो नाय रे. म्हटलं माझेच पाय कापतात, माझाच ब्रेक चुकतो. बायको माझी शनिवारपासून जेवली नाय धड, काय झालं विचारलं तर बोलत नाय. आणि तो माणूस लंगडा होणार आयुष्यभर. तुझ्या आळसामुळे. तुझ्यामुळे, होय की नाय? बोल ना!"

खड्ड्यात ग्रीसचा वास होता आणि डोक्यावर दुसऱ्याच कुणाच्या ट्रकचं पोट.

"होय," जयवंत म्हणाला.

धोंडूची पावलं नंदूच्या बाकड्याकडे गेली. जयवंतनं ग्रीसची बंदूक उचलली, पहिलं निपल फडक्यानं पुसलं, आणि ग्रीस भरायला लागला.